कंसाबाहेरचा दोन

रेणुसूत्र ही मुळात डोळ्यांनी वाचण्याची वस्तू आहे. तिच्यात मोठ्या आणि लहान अक्षराला वेगवेगळा अर्थ असतो, अंक ओळीच्या खाली बसतो आणि कंसाकडे तर अख्ख्या सूत्राची सूत्रे असतात. तरीही नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, लातूरच्या सीमेवर असलेल्या मुखेड तालुक्यात, आणि खरे म्हणजे मराठवाड्यात जवळपास सर्वत्र, हा विषय कानांच्या वाटेने शिकवला जातो. भरलेल्या वर्गात फळ्यावरचा बारीक दोन शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही आणि आवाज मात्र पोहोचतो, हे त्याचे व्यावहारिक कारण असून, जे एका सुरात म्हणता येते ते पाठ झाले आणि जे पाठ झाले ते समजले, ही त्यामागची शैक्षणिक श्रद्धा आहे.

नववीच्या पाठ्यपुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ या प्रकरणात हा विषय येतो. आयनिक संयुगात एक घटक धनप्रभारित असतो आणि दुसरा ऋणप्रभारित; या घटकांना मूलके म्हणतात, पहिल्यास आम्लारिधर्मी मूलक आणि दुसऱ्यास आम्लधर्मी मूलक असे नाव आहे, आणि ही नावे बिनचूक उच्चारणे हाच पहिल्या तासिकेचा मुख्य प्रयोग असतो. सोडियम किंवा क्लोराइड यांसारखे एकाच अणूचे मूलक साधे. पण सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड, फॉस्फेट, अमोनियम ही मंडळी अनेक अणूंची असून एकच प्रभार सामाईक बाळगतात, म्हणून त्यांना संयुक्त मूलके म्हणतात. मूलकावर जितके एकक प्रभार, तितकी त्याची संयुजा. संयुक्त मूलकांची यादी शिक्षक सहसा दिवाळीपूर्वी पाठ करायला देतात आणि विद्यार्थी ती सहसा दिवाळीनंतर विसरतात. त्या यादीत धनप्रभाराचे म्हणून एकटे अमोनियम असते आणि उरलेली सगळी ऋणप्रभाराची, त्यामुळे अमोनियम हेही ऋणच असावे असा बहुमताचा कौल वर्गात दरवर्षी नव्याने लागतो.

सूत्र लिहिण्याची रीत पुस्तकाने पायऱ्यापायऱ्यांनी दिली आहे. डावीकडे आम्लारिधर्मी मूलक, उजवीकडे आम्लधर्मी, प्रत्येकाच्या खाली त्याची संयुजा आणि मग दोन तिरप्या बाणांनी संयुजांची अदलाबदल; हिला तिरकस गुणाकार म्हणतात. अमोनियमची संयुजा एक आणि सल्फेटची दोन, म्हणून सल्फेटचा दोन अमोनियमकडे जातो, अमोनियमचा एक सल्फेटकडे येतो, आणि एक हा आकडा लिहायचा नसल्यामुळे तो येतो तसाच नाहीसा होतो. आता अमोनियमच्या पोटात हायड्रोजनचा चार आधीच बसलेला आहे. त्याच्या शेजारी नवा दोन टेकवून चालत नाही, म्हणून सगळ्या अमोनियमला कंसात घालून दोन कंसाबाहेर खाली लिहायचा. संपूर्ण प्रकरणात अवघड असे काही असेल तर ते एवढेच आहे.

कंसाला आवाज नाही, ही या प्रकरणाची खरी अडचण. कानाने शिकवणाऱ्या परंपरेने त्यावर जो उपाय काढला आहे त्याची नोंद शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत व्हायला हवी होती. कंसाबाहेर दोन असेल तर ‘होल ट्वाइस’ आणि तीन असेल तर ‘होल थ्राइस’ म्हणायचे, असा तो उपाय आहे. त्यामुळे अमोनियम सल्फेट हे ‘यन एच फोर होल ट्वाइस, येस ओ फोर’ असे होते आणि ॲल्युमिनियम सल्फेट हे ‘ए एल टू, येस ओ फोर होल थ्राइस’ असे. मराठी माध्यमाची तुकडी असो वा सेमी इंग्रजीची, या एका ठिकाणी दोघींची भाषा एक होते. बाजूच्या वर्गात पसायदान चालू असताना इकडे सत्तेचाळीस कंठांतून एकाच वेळी ‘होल थ्राइस’ निघते, तेव्हा व्हरांड्यातून जाणाऱ्या पालकाला आपला मुलगा कोणत्या तरी संप्रदायात जाणार अशी शंका आली तर तिला पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही.

हा ‘होल’ तोंडातून गळला की अनर्थ होतो. कॅल्शियम नायट्रेटमधील नायट्रेटच्या तीनशेजारी कंसाविना दोन लिहिला की ऑक्सिजनचे बत्तीस अणू होतात. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये त्याच न्यायाने त्रेचाळीस होतात. अमोनियम सल्फेटमधील एकाच नायट्रोजनला बेचाळीस हायड्रोजन लटकतात, आणि हे सारे वार्षिक परीक्षेत, कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय, निळ्या शाईच्या पेनने घडते. हायड्रॉक्साइडचे प्रकरण त्याहून गमतीचे आहे. त्याच्या हायड्रोजनजवळ आधीचा अंकच नसल्यामुळे तिथे बत्तीस-बेचाळीस होत नाहीत. कंस काढला की उरतो एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, म्हणजे अक्षरशः पाणी. पानाला लावायचा चुना कंसाविना लिहिला तर कॅल्शियमवर पाणी पडते. विद्यार्थ्याची ही चूक तशी त्याच्या बाजूने समर्थनीय आहे, कारण कळीचा चुना विरवताना घरोघरी नेमके हेच केलेले त्याने पाहिलेले असते.

कंसाविषयी मराठवाड्यातील मुलाच्या मनात अढी असण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते रसायनशास्त्राच्या खात्यात सापडत नाही, महसूल खात्यात सापडते. सातबारा उताऱ्यावर एखाद्या खातेदाराचा हक्क संपला, म्हणजे जमीन विकली गेली, वाटणी झाली किंवा मूळ मालक वारला, आणि फेरफार मंजूर झाला की तलाठी त्या जुन्या नावाला कंस करीत असे. ‘नावाला कंस झाला’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाई त्या घरात त्या रात्री नीट जेवण होत नसे. ज्याने लहानपणापासून कंस म्हणजे माणूस खात्यातून गेला असेच ऐकले आहे त्याला शाळेत अचानक सांगितले जाते की कंसातली मंडळी खात्यातच आहेत, इतकेच नव्हे तर दुप्पट-तिप्पट आहेत आणि त्यांच्यातली आतली वाटणी कोणालाही करता येणार नाही. यावर त्याने पटकन विश्वास ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. उलट चतुर्थांश गुंठ्यापर्यंतचे सामाईक हिस्से तोंडी सांगणारी हीच मुले एका सूत्रातील अणू मोजताना चुकतात, याचा अर्थ त्यांना कंस कळत नाही असा नसून, कोणत्या खात्याचा कंस लावायचा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते असा आहे.

या लेखनपद्धतीचा इतिहासही फारसा शिस्तीचा नाही. मूलद्रव्यांना अक्षरांच्या संज्ञा देण्याची कल्पना स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये मांडली, आणि त्याने अणूंचे अंक ओळीच्या वर, घातांकाच्या जागी लिहिले होते. ते खाली आणण्याचे श्रेय १८३४ च्या सुमारास जर्मनीच्या लीबिगकडे जाते. म्हणजे आज जो मुलगा दोन वर लिहितो त्याचे गुण कापले जात असले तरी मूळ संशोधकाच्या संप्रदायात तो अधिक शुद्ध ठरतो. अणुसिद्धान्ताचा जनक जॉन डाल्टन मात्र या अक्षरांवर शेवटपर्यंत चिडलेलाच होता. त्याला आपली वर्तुळे प्रिय होती, आणि ही चिन्हे शिकण्याइतक्याच वेळात विद्यार्थी हिब्रूही शिकेल अशा आशयाची त्याची तक्रार होती. क्षार पाण्यात विरघळताच त्याचे प्रभारित आयन सुटे होतात हे सांगणारा स्वान्ते अऱ्हेनियस याचा १८८४ चा प्रबंध उप्साला विद्यापीठाने इतक्या खालच्या श्रेणीत उत्तीर्ण केला की लातूर पॅटर्नच्या शिकवणीवर्गांत त्याला पुढच्या तुकडीत बसूही दिले नसते. त्याच कामासाठी त्याला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक असा प्रवेश परीक्षांचा हिशेब त्या काळी स्टॉकहोमपर्यंत पोहोचला नव्हता, एवढेच म्हणता येईल.

परंतु संयुक्त मूलकांचे खरे माहेर शाळेत नाही. ते मुखेडच्या बसस्थानकापासून पायी गाठता येणाऱ्या कोणत्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर आहे, आणि तिथे त्यांच्यासाठी एक स्वतंत्र, सुटसुटीत आणि पूर्णपणे कंसमुक्त भाषा प्रचलित आहे. सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की शेतकरी दुकानाच्या पायरीवर पाऊल टाकता टाकता विचारतो, “झिरो बावन्न चौतीस हाय का?” दुकानदार मागे वळूनही न पाहता म्हणतो, “हाय की मामा, एक देऊ का दोन?” आणि एक किलोचे पाकीट गल्ल्यावर येते. तेरा झिरो पंचेचाळीस, बारा एकसष्ट झिरो, झिरो झिरो पन्नास ही त्याच फळीवरची सख्खी-चुलत भावंडे. यांतील पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा आणि तिसरा पालाशाचा. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार अन्नद्रव्यांचे प्रमाण खताच्या पिशवीवर छापावेच लागते, त्यामुळे ही भाषा केवळ बोलीभाषा नसून तिला कायद्याचे पाठबळही आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने झिरो बावन्न चौतीस म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, तेरा झिरो पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बारा एकसष्ट झिरो म्हणजे अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि झिरो झिरो पन्नास म्हणजे पोटॅशियम सल्फेट; नववीच्या यादीतली अर्धी मूलके एका फळीवर, धूळ खात, विक्रीस उपलब्ध आहेत.

लातूरला अकरावीला शिकवणी लावून सुट्टीत गावी आलेला मुलगा पडवीत बसून सूत्रे गिरवत असतो आणि त्याच्या डोक्यावर खुंटीला तेच पाकीट लटकलेले असते, असे दृश्य तालुक्यात दुर्मीळ नाही. वडील फवारणीचा पंप खाली ठेवत विचारतात, “काय लिहायलास रे?” मुलगा म्हणतो, “पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट.” वडील म्हणतात, “असू दे, असू दे. आधी ते झिरो बावन्न काढ, पंपाला शंभर ग्रॅम टाक.” दोघेही एकाच पदार्थाविषयी बोलत असतात आणि दोघांनाही ते ठाऊक नसते. मुलाने पाकिटाची मागची बाजू वाचली तरी उलगडा होईल याची खात्री नाही, कारण तिथे मोनो पोटॅशियम फॉस्फेट असे छापलेले असते. पुस्तकाच्या नावात ‘डाय’ म्हणजे दोन आणि पाकिटाच्या नावात ‘मोनो’ म्हणजे एक. तेव्हा हे दोन पदार्थ वेगळेच असणार असा निष्कर्ष हुशार मुलगा आधी काढतो. वस्तुतः पुस्तकाने हायड्रोजन मोजले आहेत आणि कंपनीने पोटॅशियम मोजले आहे, कारण शेतकरी हायड्रोजनसाठी पैसे देत नाही.

या आकड्यांच्या भाषेला शाळेच्या सूत्रापेक्षा अडाणी समजण्याचे कारण नाही. कल्पनाशक्तीच्या बाबतीत ती सूत्राच्या दोन पावले पुढेच आहे. पाकिटावरचे बावन्न हे फॉस्फरसचे प्रमाण नसून फॉस्फरस पेंटॉक्साइडचे आहे आणि चौतीस हे पोटॅशियमचे नसून पोटॅशियम ऑक्साइडचे आहे, आणि हे दोन्ही पदार्थ पाकिटात औषधालाही नसतात. खनिजाचे आणि राखेचे पृथक्करण ऑक्साइडच्या रूपात मांडण्याची एकोणिसाव्या शतकातील रसायनतज्ज्ञांची जी रीत होती तिचा हा वारसा आहे, आणि खतांच्या व्यापाराने तो वडिलोपार्जित जमिनीसारखा जपला आहे. खरोखरचे पोटॅशियम ऑक्साइड पाण्यात पडले तर त्याचा दाहक अल्कली होतो आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड पडले तर सणसणीत आम्ल. या दोन वस्तू पिशवीवर छापल्याबरहुकूम वेगवेगळ्या पंपांत भरल्या तर सोयाबीन दूरच, आधी पंपाची चौकशी करावी लागेल. प्रत्यक्षात त्या क्षारात फॉस्फरस सुमारे तेवीस टक्के आणि पोटॅशियम सुमारे एकोणतीस टक्के एवढेच असते. आणखी गंमत अशी की बावन्न आणि चौतीस मिळून शहाऐंशी होतात. ऑक्साइडच्या याच हिशेबाने उरलेल्या चौदांपैकी जवळपास तेरा भाग पाण्याच्या नावे टाकावे लागतात, आणि पाकीट कोरडे ठणठणीत असते.

युरियाची गोष्ट निराळी. त्याच्या सूत्रात कंस आहे, कंसाबाहेर दोन आहे, म्हणताना ‘यन एच टू होल ट्वाइस’ असेच म्हणायचे आहे, आणि एवढा सगळा थाट असूनही तो आयनिक संयुग नाहीच. त्यात ना धन मूलक ना ऋण मूलक, ते सगळे अणू सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात. कंस दिसला की तिरकस गुणाकार झाला असणार, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला हा पदार्थ दरवर्षी फसवतो, आणि जून-जुलैत दुकानात मिळेनासा होऊन त्याच्या वडिलांनाही फसवतो.

तिरकस गुणाकाराचा स्वभाव मात्र नीट पाहण्यासारखा आहे. तो फक्त धन आणि ऋण यांची तोंडमिळवणी करतो. निघालेला पदार्थ जगात आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. ॲल्युमिनियमची संयुजा तीन आणि कार्बोनेटची दोन, म्हणून ‘ए एल टू, सी ओ थ्री होल थ्राइस’ असे उत्तर येते आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण असा ॲल्युमिनियम कार्बोनेट नेहमीच्या परिस्थितीत बाटलीत भरून कपाटात ठेवता येत नाही, कारण पाण्याशी गाठ पडताच कार्बोनेट वायू होऊन निघून जातो आणि मागे हायड्रॉक्साइडचा चिकट साका उरतो. अमोनियम हायड्रॉक्साइडचेही तेच. बाटलीवर चिठ्ठी असते, आत असतो तो पाण्यात विरघळलेला अमोनिया. कॅल्शियम बायकार्बोनेट तर मुखेडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात येऊन जाते, पण घन स्वरूपात कधी कोणाच्या हाती लागलेले नाही. बोअरच्या जड पाण्यात ते विरघळलेले असते, साबणाला फेस येऊ देत नाही, तुरीची डाळ शिजू देत नाही, आणि पकडावे म्हणून पाणी उकळले की कर्बवायू सोडून देऊन पातेल्याच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर होऊन बसते. गृहिणी तो थर चिंचेने घासून काढते, म्हणजे आणखी एक रासायनिक अभिक्रिया करते, आणि तिच्या नावे प्रात्यक्षिकाचा एकही गुण जमा होत नाही.

पुढची पायरी संक्षेपाची. कॅल्शियम आणि कार्बोनेट या दोघांची संयुजा दोन-दोन असल्यामुळे तिरकस गुणाकारातून आलेले दोन्ही दोन काटून टाकायचे असतात, आणि अपूर्णांकांवर वाढलेल्या पिढीला हे काटणे मनापासून आवडते. आवड वाढली की हात मूलकाच्या आतही जातो. सोडियम पेरॉक्साइडमध्ये दोन सोडियम आणि दोन ऑक्सिजन दिसताच विद्यार्थी दोघांनाही एकवर आणतो; पण पेरॉक्साइड हेही संयुक्त मूलकच असून त्यातील ऑक्सिजनची जोडी फोडण्याचा अधिकार संक्षेपाला नाही. ब्लीचिंग पावडर तर या सगळ्या कायद्याबाहेरची आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत जी ‘टीसीएल’ टाकतो, तिच्या पाठ्यपुस्तकी सूत्रात एका कॅल्शियमच्या वाट्याला एक क्लोराइड आणि एक हायपोक्लोराइट अशी दोन वेगळी ऋण मूलके येतात. बाण कुठून कुठे काढायचे, हे तिथे शिक्षकही फळ्याकडे तोंड करूनच सांगतात.

सूत्र सोपे असले म्हणजे पदार्थ सरळ वागतो असेही नाही, आणि त्याचे उदाहरण मुखेडच्या परिचयाच्या विषयातच सापडते. पोटॅशियम परमँगनेटमध्ये दोन्ही मूलकांची संयुजा एक; ना कंस, ना संक्षेप, परीक्षेतला फुकटचा गुण. परंतु १९०४ मध्ये ब्रंटन, फेयरर आणि रॉजर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी सर्पदंशाच्या जागी चिरा देऊन त्यात हेच जांभळे खडे चोळावेत असा उपाय मांडला, आणि पुढे कित्येक वर्षे तो हिंदुस्थानात गंभीरपणे केला गेला. विष त्याने उतरत नसे. जखम मात्र नव्याने होई. आज त्याच मुखेडचे नाव डॉ. दिलीप पुंडे यांच्या कामामुळे सर्पदंशाच्या उपचारासंबंधी आदराने घेतले जाते, आणि ते उपचार प्रतिविषाचे आहेत, खड्यांचे नाहीत.

मूल्यमापनाचा एक प्रश्न अजून कोणत्याही आदर्श उत्तरपत्रिकेने सोडवलेला नाही. ‘डायअमोनियम फॉस्फेटचे रेणुसूत्र लिहा’ असा प्रश्न आला तर अपेक्षित उत्तर ‘यन एच फोर होल ट्वाइस, एच पी ओ फोर’ असे आहे. पण पेरणीच्या दिवसांत घरी डीएपीची पोती उतरवून घेतलेला मुलगा तिथे न डगमगता अठरा-सेहेचाळीस-शून्य असे लिहून मोकळा होतो. हे उत्तर पोत्यावर छापलेले आहे, शासनमान्य आहे, तालुक्यातील प्रत्येक प्रौढ माणूस त्याची साक्ष देईल, आणि त्यात कंसाची चूक होण्याची शक्यताच नाही. तपासनीस ते दोनदा वाचतो, समासात लाल पेन टेकवतो आणि विद्यार्थ्याने लिहिलेल्या तीन आकड्यांपैकी शेवटचा तेवढा ग्राह्य धरतो.